तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही

मी पास्कू लुद्रिकाची बायको. गावात मला पास्कीण म्हणतात. बाप्तिस्म्याचं नाव काय होतं ते मलाच आठवावं लागतं. सांगायचं असलं की मी शाळेतली मराठी काढते आणि भांडायचं असलं की घरातली मालवणी. तेव्हा मधेच माझा सूर बदलला, तर समजायचं की हिला कुणाची तरी आठवण झाली आणि डोकं फिरलं.

डोकं फिरवणारे दोघे. एक माझा घोव पास्कू, दुसरा त्याचा थोरला भाऊ दुमिंग. दोघांची घरं एकाच आवारात, मधे कमरेएवढा चिऱ्याचा गडगा. सात वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर डुक्कर. दुमिंगचं डुक्कर आमच्या परसात शिरलं, कणगराचे कंद उकरून खाऊन गेलं, पास्कूने दगड मारला आणि डुक्कर लंगडं झालं. ते त्याच नाताळाला कापलं, दोन्ही घरांनी खाल्लं, आणि मटण बरं शिजलं होतं असं पास्कू स्वतः म्हणाला. डुक्कर पचलं, पण अबोला काही पचला नाही.

अबोला म्हणजे गप्प बसणं असं शहरातल्या माणसांना वाटेल. छे! अबोल्यात बोलणं वाढतं. फक्त ते तिसऱ्याच्या तोंडून जातं. पास्कू गडग्याच्या अलीकडे उभा राहून मला सांगायचा, "तेका सांग, तेच्या माडाची झावळ आमच्या कौलांर पडली हा." दुमिंग हातभर पलीकडे. त्याला काय ऐकू येत नव्हतं? पण तो आभाळाकडे बघत उभा. मग मी चुलीवरची पेज टाकून जायची आणि म्हणायची, "भावोजी, तुमच्या माडाची झावळ आमच्या कौलांर पडली हा." तेव्हा कुठे तो मान हलवायचा. "तेका सांग, वाऱ्याक इचार म्हणान." आणि मी वळून तेच नवऱ्याला. पोस्टमनला निदान सायकल तरी मिळते.

बरं, हे असंच चाललं असतं तर मी मेल्यावर त्यांनी दुसरी कुणी बघितली असती. पण सत्तावन साली आमच्या मुलीचं, मिलाग्रीनचं, लग्न ठरलं, मुलगा वेंगुर्ल्याचा. लग्न जानेवारीत, तीन राजांचं फेस्त, म्हणजे सण, झाल्यावर. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीला नारळाचा रस चोळतात. त्याला रोस म्हणतात, आणि पहिला हात घरातल्या थोरल्या माणसाचा लागतो. सासूसासरे केव्हाच देवाघरी गेलेले. माझे भाऊ गोव्यात पेडण्याला, आणि तेव्हाची पोर्तुगीज सरहद्द बंद. म्हणजे थोरलं माणूस उरलं एकच, गडग्याच्या पलीकडचं.

मी गेले बोलवायला. दुमिंग अंगणात जाळं विणत होता. म्हणाला, "तुझ्या तोंडान बोलवणा इला तर मी तुझ्या लग्नाक येतलंय. तुझा लगीन तर कधीच झाला. चेडवाच्या लग्नाक बोलवचा तर तिच्या बापाशीन माका तोंडान सांगूक व्हया. एक सबद."

एक शब्द! मी घरी येऊन पास्कूच्या पाया पडायची तेवढी राहिले. तो भाकरी खात म्हणाला, "तेका सांग, येवचा तर ये, नायतर रव."

"मी सांगूचंय नाय! तू सांग!"

"मी तेच्याशी बोलणंय नाय."

मिलाग्रीन आत रडत होती. काकाच्या हाताशिवाय रोस म्हणजे सासरची माणसं जन्मभर बोलून दाखवणार, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. तिला खांद्यावर बसवून इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, फेस्ताला मिरवणारा हाच काका. मला इतका संताप आला की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावी असं वाटलं.

त्याच दिवसांत आमच्या इगर्जेत नवीन पाद्री आले होते. फादर अंतोन, वसईकडचे, वयाने कोवळे, अंगाने काटक आणि डोंगर चढायचं वेड लागलेले. आधीचे पाद्री नरकाबद्दल बोलायचे, ते समजायला सोपं होतं. हे दर रविवारी साहसाबद्दल बोलायचे. विश्वास म्हणजे कडा, श्रद्धा म्हणजे दोर, संशय म्हणजे निसटता दगड. आमची माणसं मान डोलवायची. रोज माडावर चढणाऱ्यांना आणि होडीतून समुद्रात जाणाऱ्यांना हे ऐकून मौज वाटायची. पोटासाठी चढणं आम्हाला ठाऊक होतं. आत्म्यासाठी चढायचं असतं हे पहिल्यांदाच कानावर आलं.

एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, की नाताळ झाल्यावर सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, जायचं. समुद्राच्या बाजूला सड्याचा कडा तुटलेला आहे, दोन माड एकावर एक ठेवावे एवढा. तिथून एकाने दोराला बांधून खाली उतरायचं, दुसऱ्याने वर बसून दोर धरायचा. "आणि नियम एकच," पाद्रीबाब म्हणाले. "दोरावरचा सांगेल, धरणारा ऐकेल. त्याने 'सोड' म्हटलं की सोडायचं, 'थांब' म्हटलं की थांबायचं. तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही. तिसऱ्याचा आवाज आला की घात होतो."

मी बाकावर ताठ बसले. तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही! सात वर्षं मी देवाकडे दुसरं काय मागत होते?

मिस, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर मी पाद्रीबाबांना गाठलं. म्हटलं, "आमच्या पास्कूक आणि भावोजींक जोडीन घ्या. सख्खे भाव." ते नवीन, त्यांना डुकराची कथा ठाऊक नव्हती आणि मी सांगितली नाही. ते खूश झाले. भावाभावांचा विश्वास यासारखं दुसरं उदाहरण कुठलं, म्हणाले.

आता तुम्ही विचाराल, ते दोघे तयार कसे झाले? झाले नाहीत. आमच्या तोंडाच्या खोडीने फसले.

आम्ही क्रिस्तांव झालो त्याला किती पिढ्या झाल्या देव जाणे, पण गाऱ्हाणं काही आम्ही सोडलं नाही. खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, नारळ ठेवून जाणत्या माणसाने देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आधीचे पाद्री तिकडे कानाडोळा करायचे. ती सवय इतकी अंगात मुरलेली, की कुणी देवाचं नाव घेऊन जरा लांबवून बोललं की आमचं तोंड आपोआप उघडतं. कान नंतर उघडतात.

नाताळानंतरच्या रविवारी सगळा गाव सड्यावर. पाद्रीबाबांनी हात पसरून प्रार्थना सुरू केली. "हे प्रभो, आज आम्ही एकमेकांच्या हाती आपला जीव सोपवतो!"

"व्हय म्हाराजा!"

पाद्रीबाब दचकले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा उत्साह त्यांनी वसईत बघितला नसावा. "मागे हटणार नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आरंभ करतील आपले बंधू पास्कू आणि दुमिंग! पास्कू उतरेल, दुमिंग दोर धरेल!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज त्या दोघांचा होता. मी दोघांच्या मधे उभी होते, माझे कान दुखले.

मग दोघांना कळलं आपण काय म्हटलं ते. पण देवासमोर हो म्हणून मागे फिरायची आमच्यात रीत नाही. पास्कूने टोपी काढून माझ्याकडे दिली. माझी खात्री होती, की दोरावर एक 'सोड' म्हणावं लागलं की पुढचं सोपं. एकदा बांध फुटला की पाणी वाट काढतंच.

दोराचा एक वेढा काजूच्या खोडाला, मग दोर दुमिंगच्या कमरेभोवती. दुमिंग पाय रोवून बसला, पास्कूकडे पाठ करून. पास्कू कड्यावरून थोडा खाली जाईपर्यंत पाद्रीबाबांनी स्वतः दोराला हात लावला, आणि मग दोर दुमिंगच्या हाती देऊन ते बाजूला झाले.

झालं. पास्कू तिथेच राहिला, ना वर ना खाली. खाली कातळ आणि भरतीचं पाणी चढायला लागलेलं. त्याने फक्त 'सोड' म्हणायचं होतं. तो म्हणेना. आणि म्हटल्याशिवाय दुमिंग बोटभर दोर सोडेना. नियम म्हणजे नियम!

मी कड्याच्या तोंडाशी पालथी पडून बघत होते. पास्कू चिऱ्याला चिकटून, पालीसारखा, चेहरा लाल. पाद्रीबाब माझ्या शेजारी येऊन कुजबुजले, "बघा, किती शांत आहे. हीच ती श्रद्धा." मी म्हटलं, "श्रद्धा नाय हो पाद्रीबाब, तो मेलो…" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

ऊन चढलं. पाणी कातळावर यायला लागलं. दोर कड्याच्या धारेला घासत होता आणि चिऱ्याची लाल भुकटी पास्कूच्या डोक्यावर पडत होती. मीच तर त्याला इथे टांगला होता. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, खणखणीत.

"बा देवा म्हाराजा!"

सगळा सडा: "व्हय म्हाराजा!"

"आज तुझा लेकरू कड्यार लोंबाकता हा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर जो कोण दोर धरून बसलो आसा, तेका जरा अक्कल दी, आणि दोर सोडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाद्रीबाबांनी छातीवर हात जोडले. संकटात माणूस देवाला हाक मारतो म्हणून ते गहिवरले होते. मला मात्र घेरी यायची बाकी राहिली. मी गप्प बसले तर ह्या माणसाने निरोप न्यायला देवाला लावला!

आता दुमिंग काय मागे राहतो? त्याने समुद्राकडे पाठ ठेवूनच सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! दोर सोडूक माझे हात तयार आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"पण खालच्यान तोंडान सांगूक व्हया, असो पाद्रीबाबांचो नेम आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण खाली आसा, तेच्या चेडवाचा लगीन जवळ इला हा! कोणाक तोंडान बोलवचा रवला आसात, तर तेका आताच आठव होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खालून लगेच, "बा देवा म्हाराजा! लोंबाकलल्या माणसाकडसून बोलवणा काढणाऱ्याक तूच बघून घी!"

"व्हय म्हाराजा!"

तीच तोंडं, तोच जोर. आमच्या माणसांना बाजू नसते. देव बिचारा कड्याच्या धारेवर बसून एकदा वर, एकदा खाली बघत असेल. त्याची दया आली मला. तिथे कसं वाटतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मग माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी उठून उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सात वर्सां ह्या दोघांचे निरोप व्हावन व्हावन मी मेलंय!"

"व्हय म्हाराजा!" बायकांचा आवाज या वेळी जास्त.

"आता ह्येंनी तुका कामाक लावल्यानी हा! तू देव आसंस, ह्येंचो गडी न्हय! ह्येंचो एक निरोप घेव नको! ह्येंच्या मधी पडा नको! तू जा घराक!"

"व्हय म्हाराजा!"

हे म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते लोकांना कळलं, आणि सगळ्यांनी घाईघाईने छातीवर खुरीस काढला. पाद्रीबाबांचा चेहरा पांढराफटक. सगळ्या गावाने एकमताने देवाला घरी पाठवला होता.

पास्कूच्या पायाखालचा चिरा त्याच क्षणी सुटला. तो हातभर खाली घसरला, दोर ताणून कडकडला, आणि तो ओरडला. देवाचं नाव घेतलं नाही, आईचं नाही, माझं तर नाहीच.

"दादू!"

"धरलंय रे, धरलंय!" दुमिंगचे दोन्ही पाय काजूच्या मुळात रुतलेले, तळव्यांची साल निघालेली. "भियां नको! मी आसंय मां हय!"

"दादू, सोड जरा. हळू."

"सोडतंय. पाय लागलो?"

"लागलो. सोड. आणखी सोड. थांब! मेल्या, थांब म्हटलंय मां!"

"थांबलंय रे डुकरा! बोंबलतंस कित्याक?"

डुकराचं नाव निघालं आणि आता दोर सुटणार असं मला वाटलं. पण नाही. एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत दुमिंग दोर सोडत गेला आणि पास्कू उतरत गेला, त्याचे पाय गुडघाभर पाण्यात टेकेपर्यंत. तिथून तो वर मान करून ओरडला, "आणि फेस्त झाल्यार रोसाक ये! नाय इलंस तर तंगडा मोडून आणतलंय!"

"येतलंय रे!" दुमिंग म्हणाला. "कोट पावसाआदीच शिवून ठेवलंय."

पावसाआधी? म्हणजे लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हाच! हा मला सांगत होता एक शब्द हवा, आणि याचा कोट पेटीत तयार. पाद्रीबाब ज्या विश्वासाचे धडे द्यायला आम्हाला सड्यावर घेऊन आले होते, तो ह्या दोघांकडे पोत्याने भरून होता. कड्यावर लटकताना पास्कूला एकदाही वाटलं नाही, की वरचा हात सोडेल. म्हणून तर मेल्यांना सात वर्षांचा अबोला परवडला. ज्याचा भरवसा नसतो त्याच्याशी माणूस गोड बोलतो.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी त्यावर उपदेश केला. दोन भावांनी संकटात प्रार्थनेने एकमेकांना कसा धीर दिला, ते सांगितलं. "फक्त एका बहिणीला तेवढा धीर धरवला नाही," म्हणाले, "तिने नियम मोडला, आणि त्याच क्षणी दगड निसटला. श्रद्धा कमी पडली की असं होतं." सगळी इगर्ज माझ्याकडे वळून बघायला लागली. मी बघत राहिले समोरच्या मेणबत्तीकडे.

रोस झाला. दुमिंग नवा कोट घालून आला, हाताला फडकी गुंडाळलेली; त्याने बोटांच्या टोकांनी मिलाग्रीनच्या कपाळाला रस लावला, आणि तिच्याआधी तोच रडला. पास्कू त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मीही रडले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला स्वर्ग मिळाला.

लग्न होऊन पोरगी वेंगुर्ल्याला गेली. घरात आम्ही दोघं. आणि पास्कू सकाळी उठला की गडग्यावर. पलीकडे दुमिंग. सात वर्षांचं साठलेलं! मासे, माड, मुंबईचे नातेवाईक, कोण मेलं, कोण बाटलीला लागलं. मी पेज वाढून हाक मारायची, तो हात हलवायचा. मी माशाला आंबट किती घालू विचारायची, त्याला ऐकूच जायचं नाही. मी दारात उभी राहून त्यांचं हसणं ऐकायची, आणि एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की सात वर्षं हा माणूस दिवसातून दहा वेळा माझ्याकडे तोंड करून बोलत होता. 'तेका सांग, तेका सांग.' वैतागायची मी. पण ते माझ्याशी होतं. आता सांगायला काही उरलं नव्हतं, म्हणून माझ्याशी बोलायलाही काही उरलं नव्हतं. मला फार एकटं वाटलं. चुलीपुढे बसून मी दोन्ही गुडघ्यांत डोकं घातलं.

एका संध्याकाळी फादर अंतोन घरी आले. त्या दोघांना गडग्यावर हसताना बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "पास्कीणबाई, आता तर तुमच्या मनासारखं झालं. आणखी काय हवं?"

मी म्हटलं, "पाद्रीबाब, माका एकदा कड्यार सोडा. आणि दोर धरूक ह्याका बसवा. तिसरो कोण नको."

पाद्रीबाब मोठ्याने हसले. त्यांना ती थट्टा वाटली. गडग्यावरून पास्कूने मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"तू जड आसंस गो," तो म्हणाला. "एकट्याक धरूक जमाचा नाय. दादूक घेवचो लागतलो."

पोरगी गेल्यावर तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं धड वाक्य, आणि त्यातही दादू होताच.